ठुशीचा दोरा

२२ ऑगस्ट १९६७

बाजीरावाने नारळी पौर्णिमेची ओवाळणी म्हणून ही डायरी पाठवली. बाजीराव माझा धाकटा भाऊ, लोणावळ्याला रेल्वेत सांधेवाला, गाड्यांचे रूळ बदलतो. डायरी कुठल्याशा विमा कंपनीची आणि तीही गेल्या सालची, त्यामुळे वार सगळे चुकलेले. शिवाय ऑगस्टात हातात पडली, तेव्हा डिसेंबर संपला की मला मागे येऊन जानेवारीच्या कोऱ्या पानांवर लिहावं लागणार. कुणी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं तर त्याला शेवट आधी भेटेल. मला ते आवडलं. आंदर मावळात पावसाळ्यात तसंही पुढचं-मागचं काही दिसत नाही.

आज धुकं ओसरीवर चढलं होतं. गोठा दिसत नव्हता, नुसती म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू यायची. मी तांदूळ वैरले आणि चुलीपुढे बसल्या बसल्या डोळा लागला. जाग आली ती करपल्या वासाने. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, भात खरवडला आणि भुंग्याला घातला. भुंग्या आमचा कुत्रा. मी लग्न होऊन आले तेव्हा हा कोल्ह्यामागे डोंगर चढायचा. आता पिंपासारखा सुटलाय, शेपटीचे केस झडलेत, आणि चोर आला तर त्याला ओलांडून घरात येईल अशा जागी दिवसभर निजतो. आत्याबाई म्हणतात, आम्ही दोघं एका माळेचे मणी. मला राग येत नाही. राग यायलासुद्धा जरा जागं असावं लागतं.

२९ ऑगस्ट

ह्यांनी विचारलं, काय लिहितेस. मी म्हटलं, तुमच्या चहाड्या. हसले आणि गुरांकडे गेले. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण लिहायला कुणाची हरकत? हनुमंत. बघा, काही झालं नाही.

आज आत्याबाईंनी सणाची म्हणून ठुशी घालायला दिली. सोन्याच्या मण्यांची, गळ्यालगत बसणारी, मागे रेशमी दोरा. लग्नात मला ती इतकी ढिली व्हायची की दोरा पार शेवटपर्यंत ओढून बांधावा लागे. आज छान बसली. आत्याबाईंनी गळ्याखालून हात फिरवून पाहिला आणि खूश झाल्या. ह्या घरातल्या बायकांचा गळा भरतो. त्यांचा स्वतःचा तर मोसंब्याएवढा भरलाय, आणि गावात अर्ध्याअधिक बायका तशाच. लोणावळ्यात ह्याला आवाळू म्हणतात, इथे तसं म्हटलं तर भांडण होईल. आत्याबाई सांगत होत्या, त्यांच्या सासूबाईंचा गळा काही भरला नव्हता. गावात देवाची माळ आली, त्यानंतर घरोघर गळे भरले. देवाची कृपा म्हणतात.

७ सप्टेंबर

दिवस गेलेत. कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. आधीची दोन गेली. पहिलं तिसऱ्या महिन्यात, दुसरं पाचव्यात. दुसऱ्याला तर मी पोटात हलताना ओळखायला लागले होते. आता ह्या तिसऱ्याचं नाव काढायला भीती वाटते. वहीला कान नाहीत म्हणून इथे एकदाच लिहिते: हे मला हवंय. बाकी देवाने काही दिलं नाही तरी चालेल.

१६ सप्टेंबर

सोनकी पुन्हा तीन दिवस गायब. सोनकी म्हणजे मी माहेराहून आणलेली मांजर, पठारावर सोनकीची फुलं फुलतात त्या रंगाची. आज आली ती उड्या मारत, अंगावर कशी झळाळी. भुंग्याच्या पाठीवरून चालत गेली, तो हललाही नाही. एकाच घरची दोन जनावरं, पण ह्याला आमची भाकरी मानवली आणि तिला भटकणं.

जाते कुठे ते आज कळलं. वरच्या वाडीत चिमाबाईच्या खोपटात. चिमाबाई ठाकराची, आमच्या शेतात लावणीला, तणाच्या बेणणीला येते. सोनकी तिथे सुकटीच्या मडक्यापाशी राबता ठेवून आहे. सांगायला आली तेव्हा चिमाबाई लाजलीच, कारण आमचं गाव माळकऱ्यांचं. पटकीच्या साथीत माणसं पटापट गेली, तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझे सासरे रखमाजी ह्यांनी, देवळात देवाच्या पायांवर हात ठेवून शब्द दिला होता: साथ थांबू दे, सगळं गाव माळ घालील. साथ थांबली. तोवर कुसूर घाटाने कर्जतेकडून सुकी मासळी यायची आणि सगळं गाव खायचं. त्यानंतर वशाट वेशीच्या आत आलं नाही. लग्नात मंगळसूत्रापाठोपाठ माझ्याही गळ्यात माळ पडली. वाडीने मात्र माळ घातली नाही. त्यांचा देव निराळा.

सोनकीच्या मिशांना सुकटीचा वास येत होता. मी तिला जवळ घेतली आणि किती तरी वेळ हुंगत बसले. काय हा वेडेपणा.

२५ सप्टेंबर

खाल्लं.

कसं लिहू. सरपण आणायला म्हणून वर गेले होते. चिमाबाईच्या चुलीत बोंबील भाजत होता. मला पाहून तिने तो मागे सारला, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. बाईला ते कळतंच. म्हणाली, “किती म्हैनं?” मी दोन बोटं दाखवली. नाचणीची अर्धी भाकरी आणि त्यावर तो बोंबील माझ्यापुढे ठेवून ती दारात जाऊन उभी राहिली, पाठ माझ्याकडे करून, म्हणजे तिने काही पाहिलं नाही.

माळ मी पदराखाली झाकली होती. घरी येताना ओढ्यावर तीनदा चूळ भरली.

१२ ऑक्टोबर

अधूनमधून जाते. सोनकी पुढे आणि मी मागे, अशा आम्ही दोघी चोरट्या.

पठार पिवळंधमक झालंय. आज उन्हात बसून डोकं विंचरलं तर फणीत केस नेहमीपेक्षा कमी. सकाळी हाक न मारता उठते. काल गाणं म्हटलं तर आवाज चिरका आला नाही. ह्यांनी चमकून पाहिलं. मग मी सांगून टाकलं, दिवस गेलेत म्हणून. ते गोठ्यात गेले, आणि मी मागून जाऊन पाहिलं तर म्हशीच्या मानेवर डोकं टेकवून उभे होते.

उन्हाचाच गुण असणार. पावसाळाभर मी कुठे तरी पाण्याखाली होते असं वाटतं, आणि आता वर आले.

६ नोव्हेंबर

काल वाडीहून उतरताना निसरड्यावर पाय गेला आणि बसकन मारली. रात्री अंगावरून गेलं. थोडंच, पण गेलं. दोन्ही वेळेला असंच थोड्याने सुरू झालं होतं.

दिवाळीचा दिवा विझला नाही आणि मी बोंबील खाऊन आले. गावाने माणसं जगावीत म्हणून माळ घातली आणि मी तीच माळ झाकून खाल्लं. आणखी काय व्हायचं होतं? देवाच्या पाटावर डोकं ठेवून मी शब्द दिलाय, पुन्हा कधी नाही. फक्त हे राहू दे.

९ नोव्हेंबर

थांबलं. राहिलं आहे. देवाने ऐकलं.

चिमाबाईने चिंगीच्या हाती निरोप पाठवला होता, ये म्हणून. चिंगी तिची सून. मी सांगितलं, मला आता वास सहन होत नाही. खोटं सांगितलं.

३ डिसेंबर

पुन्हा झोप. पुन्हा गार. उन्हात बसले तरी हाडात थंडी. भुवया बाहेरच्या बाजूने विरळ झाल्यात, आरशात पाहिलं की वाटतं कुणी तरी अर्ध्यावर खोडून ठेवल्यात. चेहरा सुजल्यासारखा दिसतो. आत्याबाई म्हणतात, पोटुशीला बाळसं येतं.

मला स्वप्नं फार पडतात, आणि ती धड स्वप्नंही नाहीत. मी चुलीपुढे असते आणि त्याच वेळी लोणावळ्याच्या स्टेशनात. खंडाळ्याकडून इंजिनाची शिट्टी येते, गाडी मात्र येत नाही. बाजीराव हातात हिरवा बावटा घेऊन उभा. मी म्हणते, सांधा बदल. तो म्हणतो, आधी ठरव, कुठे जायचं.

११ डिसेंबर

सगळं गाव हसतंय मला. पहाटे भूकंप झाला. भांडी पडली, कौलं सरकली, माणसं लेकरं घेऊन अंगणात धावली, मामंजी मोठ्यांदा देवाचं नाव घेत होते. आणि मी झोपलेली. ह्यांनी मला उचलून बाहेर आणलं तेव्हा मी म्हणे म्हटलं, गाडी आली का.

बाहेर आणखी दोघं झोपली होती. एक भुंग्या. दुसरी यमी, आत्याबाईंच्या मांडीवर. यमी थोरल्या दिरांची मुलगी. आई बाळंतपणातच गेली, दीर मुंबईला गिरणीत, पोर आत्याबाईंनीच वाढवलं. सहा वर्षांची झाली पण अजून बोलत नाही, चालते तीही दोन वर्षांच्या पोरासारखी. उन्हात ठेवलं की ऊन सरेपर्यंत तिथेच बसते. आत्याबाई सांगतात, जन्मल्यापासून गुणी, कधी रडली म्हणून नाही. बारशालासुद्धा झोपलेलीच होती. मी तिच्या केसांना तेल लावते तेव्हा ती माझ्याकडे बघत राहते. मला वाटतं, बाळ असंच शांत असावं. मला दुसरं झेपणार नाही.

१५ जानेवारी १९६८

वही मागे फिरली. आता मी पहिल्या पानांवर आहे.

संक्रांतीचं वाण घ्यायला नटले तर ठुशी बसेना. आत्याबाईंनी दोरा वाढवला, पुढे आणखी मणी घालावे लागतील म्हणाल्या. बायकांदेखत माझी हनुवटी वर करून दाखवली. “आता तू आमच्या घरातली झालीस,” म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मलाही बरं वाटलं. इतकी वर्षं मी लोणावळ्याचीच होते.

गिळताना मात्र घास जरा अडतो. आणि बाळ फारसं हलत नाही. तेही माझ्यासारखं झोपाळू असेल.

३० जानेवारी

भुंग्याला उलटी झाली, त्यात काही नव्हतं, नुसतं पाणी. दिवसभर दारात पडून होता. मी त्याच्याशेजारी बसले आणि दोघं झोपलो. ह्यांनी पाहिलं आणि आत्याबाईंशी काही तरी बोलले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकला. लोणावळ्याला डॉक्टरीणबाईंना दाखवायचं ठरलंय. बाईमाणूस बरोबर हवं म्हणून आत्याबाई येणार.

५ फेब्रुवारी, लोणावळा, बाजीरावाकडे

टाकव्यापर्यंत बैलगाडीने, पुढे दुधाच्या ट्रकने, मग आगगाडी. सगळा वेळ माझं डोकं आत्याबाईंच्या खांद्यावर. कार्ल्याच्या आसपास जागी झाले तेव्हा खाचरांवर धुकं होतं आणि मला वाटलं, आपण उलटे घरीच चाललोय.

डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी ठुशी काढायला लावली. पाण्याचा पेला दिला आणि मी पीत असताना गळा चाचपला. थंडी वाजते का? केस गळतात का? झोप किती? मी म्हटलं, झोपेचं विचारू नका, भूकंपातसुद्धा उठले नाही. त्या हसल्या नाहीत. पाणी कुठलं, धान्य घरचं का, मासळी खाता का? आत्याबाई म्हणाल्या, आमी माळकरी, वीस वर्सांमागं खात व्हतो. मग त्यांनी आत्याबाईंचाही गळा चाचपला. मग विचारलं, घरात जनावरं कशी आहेत. माणसांच्या डॉक्टरला म्हशीची काय पडलीय? मी आपली भुंग्याची सगळी हकीगत सांगितली, आणि सोनकी कशी वाडीत जाऊन सुकट खाते तेही. लिहिता लिहिता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या घरात शहाणं ते मांजरच दिसतंय.”

त्यांनी जे समजावलं ते मला कळलं तेवढं लिहिते. एवढा पाऊस पडतो की डोंगराची माती धुऊन निघते, आणि मातीतली एक वस्तू पावसाबरोबर वाहून समुद्राला जाते. मग आमच्या झऱ्यात ती नाही, भातात नाही, दुधातही नाही. तिचं नाव आयोडीन. मी म्हटलं, ते तर जखमेला लावतात, मला कुठे जखम आहे? ती नाही मिळाली की गळ्यातली गाठ फुगते आणि सगळं अंग मंदावतं, माणसाचं तसंच जनावराचं. जे समुद्राला गेलं ते समुद्राच्या मासळीतून परत मिळतं. आधी तुमचं गाव खात होतं ना, म्हणाल्या. गोळ्याही दिल्या. आत्याबाईंनी विचारलं, कशाच्या असतात ह्या. डॉक्टरीणबाईंनी खरं ते सांगितलं: मेंढराच्या गळ्यातली गाठ काढून, वाळवून करतात. आत्याबाईंचा हात माळेवर गेला.

मग मला बाकावर आडवं व्हायला सांगितलं आणि माझा डोळा लागला. त्या दोघी हळू बोलत होत्या. स्वप्नात ऐकावं तसं ऐकलं. “पोटात असल्यापासून लागतं ते. नाही मिळालं तर मूल रडत नाही, चालत नाही, बोलत नाही. लोकांना वाटतं, किती गुणी.”

“लय गुनी,” आत्याबाई म्हणाल्या.

मग डॉक्टरीणबाईंचा आवाज, “हे अजून पोटात आहे, बाई. जे करायचं ते आजपासून करा.”

कुणाच्या गुणी लेकराचं बोलत होत्या कोण जाणे. मला जाग आली तेव्हा आत्याबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी ठुशी मागितली तर म्हणाल्या, राहू दे, गळा मोकळा राहू दे. इथे आल्यापासून जेवल्याही नाहीत. प्रवासाने दमल्या असतील.

८ फेब्रुवारी, घरी

काय घडलं ते नीट लिहायला हवं, झोप यायच्या आत.

परवा परत आलो. आत्याबाईंनी यमीला मांडीवर घेतलं आणि दिवेलागणीपर्यंत तशाच बसून राहिल्या. तिच्या तोंडावरून हात फिरवत होत्या, आंधळं माणूस चाचपतं तसा. काल सकाळी उठून कुठे तरी गेल्या. मला वाटलं, देवळात.

दुपारी आल्या त्या वाडीच्या वाटेने, आणि पदराखाली पुडकं. चुलीपुढे बसल्या. आधी गळ्यातली माळ काढली, कपाळाला लावली आणि भिंतीतल्या देवळीत ठेवली. मग निखारे ओढून त्यावर बोंबील टाकले. वीस वर्षांनी, पण हात कसा सराईत होता. वास घरभर झाला, घराबाहेर झाला. सोनकी कुठून तरी उगवली. मी खांबाला धरून उभी होते. मी म्हटलं, आत्याबाई, मी दिवाळीत शब्द दिलाय, हे खाल्लं तर बाळ जाईल. मग सगळं सांगितलं, वाडी, चोरून खाणं, पाय घसरला ते. वाटलं, आता हात उगारतील.

त्या म्हणाल्या, “खात व्हतीस तवाच तुजा आवाज निगाला व्हता गं. मी ऐकलाय. बस हितं.”

तेवढ्यात मामंजी दारात. त्यांनी चुलीकडे पाहिलं, बायकोच्या उघड्या गळ्याकडे पाहिलं. ते ओरडत नाहीत कधी. म्हणाले, “ह्या घरात?”

आत्याबाई उठल्या नाहीत. निखारा सारखा करत म्हणाल्या, “मानसं जगावी म्हनून माळ घातली न्हवं आपन? मग हितं बी मानूसच जगायचं हाय. द्येवाचं काय आसंल त्ये माज्या डोईवर. तिला खाऊ द्या.”

मामंजी आत आले. मग खुंटीवरची घोंगडी घेतली, आपलं ताट-तांब्या उचलला आणि गोठ्यात गेले. आत्याबाईंनी माझी माळ स्वतःच्या हाताने काढली. काट्यातून बोंबील सोडवून पहिला घास मला भरवला, दुसरा यमीला, तिसरा भुंग्यापुढे टाकला. भुंग्याने हुंगला आणि मग जे केलं ते महिनोन्महिने केलं नव्हतं. उठून बसला.

गोळीही घेतली. मेंढराची म्हणून डोळे मिटून. रात्रभर वाट पाहिली अंगावरून जाईल म्हणून. काही झालं नाही.

२० फेब्रुवारी

मामंजी गोठ्यातच आहेत. स्वतःच भात रांधतात, आणि तो कच्चा राहतो हे सगळ्या गावाला ठाऊक झालंय. हे दूध नेऊन देतात तेवढं घेतात. गावात कुजबुज आहे. रखमाजीच्या घरातून वास येतो, ज्याने माळ आणली त्याच्याच. काल दोघी बायकांनी आमच्या दारावरून जाताना नाकाला पदर लावला. तिसरी मात्र मागे रेंगाळली. आत्याबाईंनी तिच्या ओटीत काही तरी घातलं. तिलाही दिवस गेलेत.

मामंजींना मी एकदा डोकावून पाहिलं. माळेचे मणी ओढत बसले होते, समोर म्हैस रवंथ करत होती. मला फार वाईट वाटलं. त्यांनी कुणाचं वाईट चिंतलं होतं? माणसं मरत होती तेव्हा ह्या एका माणसाने पुढे होऊन देवाशी बोलणी केली होती.

१७ मार्च

काल पोटात अशी लाथ बसली की हातातला तांब्या सांडला. ह्यांना बोलावलं. हात ठेवून बसले, पण दुसरी लाथ बसेना. बसली तेव्हा हेच दचकले.

अलीकडे स्वप्नं कमी झालीत. मला जरा चुकल्यासारखं वाटतं. सकाळी जाग येते आणि सगळं स्पष्ट असतं: गोठा, वाट, धरणाचं पाणी, त्यापलीकडचा डोंगर. इतकं सगळं रोज इथेच होतं का?

१ एप्रिल

परवा पाडवा झाला. मामंजींनी गुढी गोठ्याच्या दाराशी उभारली, आम्ही घराच्या. एका वाड्याच्या दोन गुढ्या बघून भुंग्या आधी एकीवर भुंकला, मग दुसरीवर. तो भुंकला हीच आमच्या पाडव्याची बातमी.

२८ एप्रिल

मुलगी. परवा पहाटे. सुखरूप. चिमाबाईने नाळ कापली. पोर बाहेर आलं आणि क्षणभर काहीच नाही, सगळीकडे शांत. आत्याबाई माझ्या उशाशी होत्या, त्यांनी माझा हात इतका आवळला की बांगडी पिचली. मग ती रडली. आत्याबाई मटकन खाली बसल्या आणि त्याही रडायला लागल्या. चिमाबाईला कळेना, आधी कुणाला सांभाळावं.

९ मे

लिहायला सवड नाही. ही मुलगी म्हणजे कहर आहे. भूक लागली की रडते, पोट भरलं की रडते, झोप आली की त्याचा राग येऊन रडते. आवाज असा की खालच्या आळीतली माणसं विचारतात, काय झालं. मला लाज वाटते. मी आत्याबाईंना म्हटलं, यमी किती गुणी होती, आणि हे माझं असं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या कानावर बोटं मोडली.

बारशाला ठुशी घालायला काढली. दोऱ्याची गाठ आत्याबाईंनी संक्रांतीला बांधली होती तिथेच आहे, पुढे सरकवावी लागली नाही. मणीही घातले नाहीत.

१४ मे

आज फार ओशाळले. दुपारी पोरगी काही केल्या राहीना. खांद्यावर घेतलं, पाळण्यात घातलं, चिमाबाईने दिलेली गुटी चाटवली. काही नाही. आणि बघते तर मामंजी ओसरीच्या पायरीशी. इतक्या महिन्यांत घराच्या इतक्या जवळ आले नव्हते. मला वाटलं, त्यांची दुपारची झोप मोडली. मी माफी मागितली, म्हटलं, मामंजी, आता गप करते.

ते म्हणाले, “नगं. कुनी गप करू नगा तिला.”

आणि पायरीवर बसले. डोळे मिटून ऐकत राहिले, देवळात भजन ऐकतात तसे. यमी तिथेच होती, भिंतीला टेकून, पुढ्यात ताटली. आत्याबाईंनी तिला भात आणि बोंबील दिला होता, पण तिला काटे काढता येत नाहीत, नुसती बघत बसली होती. मामंजींनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहत राहिले. म्हणाले, “ही आशी रडली न्हाई कंदी.”

आतून आत्याबाई म्हणाल्या, “न्हाई.”

तेवढंच. मग मामंजींनी यमीला मांडीवर घेतलं, ताटली ओढली, आणि ज्या माणसाने वीस वर्षं वशाटाला चिमट्यानेही शिवलं नव्हतं त्याने, गळ्यात माळ तशीच असताना, बोटांनी बोंबलाचे काटे काढायला सुरुवात केली. एकेक काटा बाजूला ठेवायचा, उजेडात धरून पाहायचा आणि मग घास तिच्या तोंडात. घास भरवताना त्यांचे डोळे गळत होते. चुलीचा धूर ओसरीवर फार येतो, कौलं शाकारायला हवीत.

त्यांचं अंथरूण हनुमंतांनी गोठ्यातून आणून ओसरीवर टाकलंय. मी म्हटलं, इथे झोप लागणार नाही त्यांना, हिचा आवाज थेट इथे येतो. हे म्हणाले, त्यांनीच सांगितलंय, पाळण्याच्या भिंतीलगत घाल.

सुरू झाली पुन्हा. उठायला हवं खरं तर. पण गप करू नका म्हणालेत, म्हणून रडू देतेय.